या चुका टाळा : पाळक आणि पंचांची सचोटी कुठे झिजते

मंडळीत कुणाचे नाव खराब झाले की आपण म्हणतो, "प्रार्थना कमी पडली." पडलीही असेल. पण चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत इतकी वर्षे बसून मी जे पाहिले, त्यात प्रार्थनेबरोबर पावतीपुस्तकही कमी पडलेले असते.

1948 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी अमेरिकन सुवार्तिक (ख्रिस्ती प्रचारक) बिली ग्रॅहम यांनी आपल्या तीन सहकाऱ्यांना एक काम दिले. सुवार्तिकांची बदनामी कशाकशाने होते, त्याची प्रत्येकाने यादी करायची. सगळ्यांच्या याद्या जवळजवळ सारख्याच निघाल्या : पैसा, परस्त्री, स्थानिक मंडळ्यांवर टीका आणि फुगवलेले आकडे. मोह समोर येण्याआधीच त्यांनी या चार गोष्टींचे नियम ठरवून टाकले. आपण नेमके इथेच चुकतो. आपला नियम लफडे झाल्यावर होतो.

दान एकट्याने मोजणे

ही चूक बहुधा प्रामाणिक माणूसच करतो. मीही केली आहे. हंगामाच्या सणाला लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव उशिरापर्यंत चालला, म्हणून रोकड घरी आणून मोजली. यादीपेक्षा चारशे रुपये कमी भरले. कुणाला विचारायचे, उगाच संशय नको, म्हणून खिशातून घातले आणि गप्प बसलो. चोरी केली नव्हती, पण वहीत मात्र खोटे लिहिले गेले.

यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूसही घेतला. कारणही त्याने सांगितले आहे : देवासमोर जसे नीट दिसावे, तसे माणसांसमोरही (बायबल, 2 करिंथ 8). "देव बघतोय" एवढ्यावर पौल थांबला नाही, मग आपण का थांबतो? मोजणी चर्चमध्येच करा. मोजायला एकाच घरातली नसलेली दोन माणसे बसवा, दोघांच्या सह्या घ्या आणि सोमवारी पैसे बँकेत भरा.

आताची नवी पळवाट म्हणजे पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) खासगी खात्याचा क्यूआर कोड. "ट्रस्टचे खाते उघडेपर्यंत" म्हणून लावलेला कागद दोन वर्षे भिंतीवरच असतो. आज काढा, आणि आजवर आलेल्या रकमांचा बँकेचा उतारा कमिटीपुढे ठेवा. ग्रॅहम यांनाही हे 1950 मध्ये अटलांटात कळले. दानाने भरलेल्या पिशव्या आणि शेजारी हसणारे ग्रॅहम, असे फोटो वर्तमानपत्राने छापले. त्यानंतर त्यांनी दानातला वाटा घेणे सोडून ठरलेला पगार घ्यायला सुरुवात केली.

आकडे फुगवणे

अहवालात "सुमारे तीनशे" लिहायचे आणि खुर्च्या मागवलेल्या दीडशे. मांडववाल्याचे बिल बघा आणि तोच आकडा लिहा. मोडेस्टोत याचाही नियम झाला होता. पोलीस किंवा तशाच बाहेरच्या माणसाचा अंदाज घ्यायचा, मग तो कमी वाटला तरी चालेल.

स्वतःवर स्वतःच पहारेकरी

परस्त्रीबरोबर एकट्याने बसायचे नाही, हा ग्रॅहम यांचा नियम आपल्याकडेही पुष्कळ जण सांगतात. पण तो पाळला जातोय की नाही, हे बघणारा दुसरा कुणी नसला तर नियम नुसता सांगण्यापुरता उरतो. चेन्नईत जन्मलेले प्रसिद्ध ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस यांचे उदाहरण ताजे आहे. 2017 मध्ये तक्रार जाहीर झाली तेव्हा त्यांच्याच संस्थेने त्यांच्या नकारावर विश्वास ठेवला. मे 2020 मध्ये ते वारले, आणि फेब्रुवारी 2021 च्या स्वतंत्र चौकशी अहवालात अनेक स्त्रियांशी केलेले लैंगिक गैरवर्तन समोर आले. मग संस्थेने माफी मागितली.

तक्रार ऐकणारा माणूस पाळकांचा नातेवाईक किंवा त्यांनीच नेमलेला नको. समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच लावा, शेजारच्या खोलीत पाळकीणबाई असू द्या. नियमाच्या नावाखाली दुःखात आलेल्या बहिणीला दारातूनच परत पाठवणे मात्र मला पटत नाही.

मोठ्यांच्या मर्जीचा मोह

इतके नियम पाळणारे ग्रॅहम यादीत नसलेल्या ठिकाणी घसरले. 1972 मध्ये अध्यक्ष निक्सन ज्यूंविषयी वाईट बोलत होते, आणि ग्रॅहम यांनी हो ला हो केले. 2002 मध्ये ती ध्वनिफीत बाहेर आल्यावर त्यांना माफी मागावी लागली. सत्तेपुढे गेल्यावर दावीद राजाला तोंडावर चूक सांगणारा नाथान संदेष्टा होणे फार थोड्यांना जमते. आपल्याकडे अध्यक्ष येत नाहीत, निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांकडून आवारात पेव्हर ब्लॉक येतात. घ्यायचे की नाही, हे कमिटीने ठरवून इतिवृत्तात लिहावे. घेतले तरी उपासनेत त्यांना माइक देऊ नये.

चूक होऊन गेली असेल तर

"मी दुर्बल पात्र आहे" अशी व्यासपीठावरची मोघम कबुली उपयोगाची नाही. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने आकडा सांगितला होता : अर्धे गरिबांना, फसवलेल्यांना चौपट. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे आधी जा, काय केले ते नेमके सांगा, आणि परत पद कधी मिळेल हे स्वतः ठरवू नका.

माझ्या चारशे रुपयांचे मी दोन वर्षांनी बैठकीत सांगितले. खजिनदारांनी जुनी यादी काढली. एक वयस्क पंच म्हणाले, "अरे, तो बोकड उधारीवर गेला होता ना? वहीत जमा दिसले, म्हणून आम्ही पुन्हा मागितलेच नाहीत."