घरचे कागद आणि हिशेब दुसऱ्याला सापडतील असे लावणे

घरातील महत्त्वाचे कागद कोठे आहेत हे बहुधा एकाच माणसाला ठाऊक असते, आणि तेही केवळ त्याच्या डोक्यात असते. तो माणूस प्रवासात असला, आजारी पडला किंवा नुसता फोन उचलत नसला, तरी बाकीच्यांवर कपाटे उपसण्याची वेळ येते. म्हणून कागद लावायला बसण्यापूर्वीच एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे ही मांडणी ठेवणाऱ्यासाठी नसून शोधणाऱ्यासाठी आहे.

पहिल्या दिवशी फक्त गोळा करावे. खण, जुन्या पिशव्या, डायऱ्यांची मधली पाने, पुस्तकांत खुणेसाठी घातलेल्या पावत्या, सगळे एका जागी आणावे आणि काहीही वाचत बसू नये, कारण वाचायला घेतले की दुपार संपते आणि ढीग तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी वर्गवारी करावी. मी पूर्वी विषयवार चौदा फायली केल्या होत्या. सहा महिन्यांत त्यांतील तेरा रोडावल्या आणि ‘इतर’ नावाची एकच फुगली. त्यानंतर मी विषय सोडून ‘हा कागद हरवला तर काय होईल’ असा प्रश्न विचारू लागलो. ज्याची मूळ प्रत पुन्हा मिळवणे अवघड किंवा खर्चिक असते, असे जन्माचे व विवाहाचे दाखले, मालमत्तेची खरेदीखते आणि मृत्युपत्र हे एका जागी, ओल व आगीपासून सुरक्षित ठेवावेत. विमा, कर्ज, भाडेकरार, वस्तूंची हमीपत्रे हे चालू करार. ते संपेपर्यंत सहज हाती लागतील असे असावेत. करविवरणपत्रे आणि त्यांच्या पुष्टीचे कागद कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत सांभाळावे लागतात, म्हणून ते वर्षवार लिफाफ्यांत भरून प्रत्येक लिफाफ्यावर तो कोणत्या वर्षी काढून टाकायचा हे आजच लिहून ठेवावे. उरले ते ज्यांवर अजून काही करायचे बाकी आहे असे कागद; त्यांना एकच ट्रे पुरतो आणि तो आठवड्यातून एकदा रिकामा व्हायला हवा. टाकून द्यायच्या कागदांवर खाते क्रमांक किंवा सही असेल तर ते बारीक फाडूनच टाकावेत.

कागद टिकवण्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण नुकसान तेथेच होते. दुकानातील यंत्रातून येणाऱ्या गुळगुळीत पावतीवर शाई नसतेच. कागदावरील रासायनिक थर उष्णतेने काळा होऊन अक्षरे उमटतात, आणि ऊन, उष्णता किंवा मऊ प्लास्टिकचा स्पर्श यांनी तीच अक्षरे पुसट होत जातात. हमीची मुदत दोन वर्षांची आणि पावती मात्र एका उन्हाळ्यात कोरी, असे होऊ नये म्हणून ती आणल्या दिवशीच तिची छायाप्रत किंवा छायाचित्र घ्यावे. रबरबँड काही वर्षांत चिकट होऊन कागदाला धरतो, टाचण्या गंजतात, आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांना छपाईची अक्षरे चिकटून येतात. त्यांऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पिशव्या वापराव्यात. मूळ दाखल्यांना लॅमिनेशन करण्याचा मोह आवरावा, कारण ते कागदाला इजा न करता काढता येत नाही.

स्कॅन ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके इतक्या बारकाईने, केले की घरगुती कामासाठी पुरेसे होते. जमल्यास फाईल पीडीएफ-ए या प्रकारात साठवावी. दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये मानक म्हणून ठरलेल्या या प्रकारात अक्षरांचे फाँट फाईलमध्येच राहतात, त्यामुळे पुढेही ती आज दिसते तशीच उघडण्याची शक्यता वाढते. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, जसे ‘२०२४-०३-१५ घरविमा हप्ता पावती’. असे केले की नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते; आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर.

आता पैशांकडे वळू. अंदाजपत्रक आठवणीतून करू नये. मागील तीन महिन्यांची बँकेची विवरणे समोर ठेवून करावे, कारण आठवण मोठे खर्च धरून ठेवते आणि लहान विसरते. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी व्हेनिसमध्ये १४९४ साली छापून मांडलेली दुहेरी नोंदीची पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा व नावे अशा दोन बाजूंनी लिहिणे, घराला लागत नाही, साधी रोजकीर्द पुरते; मात्र व्यापाऱ्यांची एक सवय जरूर उचलावी, ती ताळमेळाची. महिनाअखेरीस आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा खर्च, हे उत्तर खात्यातील व हातातील रकमेशी जुळवावे. थोडा फरक राहिला तर ‘अज्ञात’ म्हणून लिहून पुढे जावे. त्यामागे लागून वही सोडून देणारे मी अनेक पाहिले आहेत. वर्षातून एकदा येणारे विम्याचे हप्ते, कर आणि शुल्के यांची बेरीज करून तिला बाराने भागावे व तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी, म्हणजे तो महिना अंगावर येत नाही. कर्जांची यादी करताना फेडायची राहिलेली रक्कम, व्याजदर, हप्ता आणि शेवटची तारीख एका ओळीत लिहावी. सर्वांचे ठरलेले हप्ते भरून जे उरेल ते सर्वाधिक दराच्या कर्जात घालावे. दरमहा २ टक्के चक्रवाढ व्याज ऐकायला किरकोळ वाटते, परंतु रक्कम किती काळात दुप्पट होते याचा अंदाज ७२ ला व्याजदराने भागून येतो; ७२ ला २ ने भागले की ३६ महिने येतात, म्हणजे न फेडलेली रक्कम सुमारे तीन वर्षांत दुप्पट होते.

सर्वांत शेवटी एक सूचीपत्र तयार करावे, एकाच पानाचे. त्यावरील ओळ अशी असावी: ‘घरविमा – मूळ पॉलिसी निळ्या फाईलमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात, हप्ता मार्चमध्ये, संयुक्त खात्यातून आपोआप जातो.’ बँक खाती, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, कुलपाची किल्ली कोठे आहे, हेही लिहावे. पासवर्ड मात्र लिहू नयेत, ते कोठे व कसे मिळतील एवढेच नोंदवावे. मग ते पान घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन एखादा कागद काढून आणायला सांगावे आणि आपण मध्ये बोलू नये. तो जेथे अडेल ती ओळ नव्याने लिहावी, आणि पानाच्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घालावी.