जुन्या सागवानी कपाटातून भुसा पडणं थांबलं: माझा अनुभव

लक्षण: जालन्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं कपाट. फळीला टाचणीएवढी भोकं, खाली रोज मैद्यासारखा भुसा. रॉकेल फासलं, फिनाईल ओतलं, वरून पॉलिश मारलं. भुसा पडतच राहिला. जाम वैताग आला.

हा भुसा पाडणारी लाकूड पोखरणारी कीड सागाच्या गाभ्यात सहसा शिरत नाही, बाहेरच्या फिकट लाकडात राहते. विकणारा 'अस्सल सागवान' म्हणतो ते दर्शनी भागापुरतं. मागच्या फळ्या बघाव्यात. भोकाची कड आतून फिकी असेल तर कीड जिवंत, काळपट असेल तर बहुधा जुनी.

आधी 80 नंबरच्या पॉलिश पेपरने पॉलिश पूर्ण काढलं, नाहीतर औषध आत मुरत नाही. 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवली. हातमोजे घालून भोकांत सिरिंजने सोडली, फळ्यांना ब्रशने दोन हात दिले आणि लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवस ठेवलं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी मुरण्याआधीच उडतं, म्हणून प्लास्टिक हवंच. मग आठवडाभर सावलीत वाळवलं. उन्हात फळ्या तडकतात. शेवटी भोकं मेणाने बुजवून खाली काळा कागद अंथरला. पावसाळा उलटला, कागद कोराच आहे.