मसाकाजवळच्या घरातला दिवस: मुलांसाठी इथे यायचं ठरवलंत तर

युगांडात येऊन अनाथ मुलांची सेवा करायची आहे, तयारी काय करू, असं विचारणारे निरोप मला मंडळीतल्या ओळखीपाळखीतून सतत येतात. बहुतेकांना व्हिसा, लसी आणि सामानाची यादी हवी असते. ती थोडक्यात सांगते: पिवळ्या तापाची लस आणि तिचं कार्ड लागतंच, सुती कपडे आणा, चांगली बॅटरी आणा, खेळणी आणू नका. पुढचं सगळं मात्र दिवसाबद्दल आहे. इथे रोजचा दिवस नीट पार पाडणं हीच सेवा आहे आणि ती शिकावी लागते.

मी मूळची जालन्याची, नर्स. आमचे हे शेतकी शिकलेले. 2014 पासून आम्ही मसाका जिल्ह्यात एका छोट्या मिशन घरात राहतो. सध्या 14 मुलं आहेत, शिवाय आमची दोन. आणि नालोंगो. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. बुगांडात, म्हणजे मसाका ज्यात येतं त्या जुन्या राज्याच्या मुलखात, जुळी झाली की बाईचं नाव मागे पडतं आणि हा मान पुढे येतो. घर तिचं आहे, असं समजूनच आम्ही वागतो. तुम्हीही आलात तर घरात आधीपासून असलेल्या बाईच्या हाताखाली निदान सहा महिने काम करा. मी पहिल्या वर्षी तसं केलं नाही, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

मुलाला उद्या सकाळी कोण उठवणार हे ठाऊक असलं पाहिजे. बाकी सगळं मी याच एका गोष्टीभोवती बसवते.

पहाट आणि पाणी

साडेपाचला उठा. विषुववृत्त आमच्यापासून जवळच, कंपाला-मसाका रस्त्यावर कायाब्वे गावातून जातं, त्यामुळे सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी, पावणेसातच्या आसपास उगवतो. अंधारातच पाण्याची खेप होते. पिवळे 20 लिटरचे जेरीकॅन हे इथलं माप. आमच्या घराला दिवसाला 18 कॅन लागतात. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाची टाकी भरलेली असते, एरवी बोअरहोल. मोठी मुलं आवडीनं जातात, पण लहानांना पूर्ण भरलेला कॅन कधीही देऊ नका. पाच लिटरचे वेगळे डबे ठेवा. पिण्याचं पाणी उकळून झाकणाच्या भांड्यात, आणि ते घ्यायला लांब दांड्याचा ओगराळा. मुलांचे हात पाण्यात जाता कामा नयेत, एवढा एक नियम पाळला तरी जुलाब खूप कमी होतात.

मुलांना उठवायचं काम माझं. एकेकाच्या मच्छरदाणीपाशी जाऊन नाव घेऊन उठवते. घंटा आम्ही वापरत नाही. अभिवादन ‘वासूझे ओत्या’, म्हणजे रात्र कशी गेली. उत्तर ऐकून घ्या. ताप, वाईट स्वप्न, ओलं अंथरूण, सगळं याच उत्तरात कळतं. अंथरूण ओलं असेल तर चादर मी स्वतः काढून गुपचूप बादलीत टाकते. त्यावरून मुलाला बोलणाऱ्या माणसाला आमच्या घरात जागा नाही.

मुलं, विशेषतः मुली, वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकून नमस्कार करतात. पहिल्यांदा मी घाबरून त्यांना उचलायची. नालोंगोनं समजावलं की आपल्याकडे मूल पाया पडतं तसंच हे. हात द्या, शांतपणे उत्तर द्या.

स्वयंपाक

सकाळी मक्याच्या पिठाचं पॉरिज, आपल्या पेजेसारखं, थोडी साखर घालून. आमच्याकडे त्यात शेंगदाण्याचं वाटण जातं. पातळ पेजेनं मुलाचं पोट भरतं पण वजन वाढत नाही. कोळशाच्या शेगडीला इथे सिगिरी म्हणतात. दुकानाला एदूका, सायकलीला गाली. जुन्या हिंदी व्यापाऱ्यांबरोबर आलेले हे शब्द कानावर पडले की पहिले काही महिने मला फार आधार वाटायचा.

दुपारचं मुख्य जेवण पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणि राजम्यासारख्या घेवड्याची आमटी. पोशो शिकल्याशिवाय इथल्या स्वयंपाकघरात तुमची गणना होत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळू द्यायचं. आधी थोडं पीठ गार पाण्यात कालवून ओतायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि पातळ लापशी चांगली रटरटू द्यायची. मग कोरडं पीठ मूठमूठ सोडत ‘म्विको’नं, म्हणजे लांब लाकडी उलथन्यानं, कडेकडून आत दाबत ढवळायचं. घावनाच्या पिठासारखं फिरवून चालत नाही. पीठ पातेल्याच्या भिंतीवर दाबून परत ओढायचं. खांदे भरून येतात. गोळा पातेल्याची कड सोडायला लागला, पिठाचा कच्चा वास गेला आणि म्विको उभा राहिला की झालं. मग झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. कच्चा पोशो पोटात दगडासारखा बसतो आणि रात्री सगळं घर जागं राहतं.

घेवडा आदल्या रात्री भिजवा, ते पाणी टाकून द्या. आठवड्यातून दोनदा मुकेने, म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातली सुकवलेली बारीक मासळी, शेंगदाण्याच्या रश्शात. आपली सुकट खाणाऱ्यांना ती लगेच आवडेल. आमची दोन मुलंही हेच खातात, त्याच पंगतीत. घरात दोन चुली झाल्या की मुलं एका दिवसात ओळखतात कोण कोणाचं आहे.

औषधाची वही

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एक मुलगा आला, एचआयव्ही असलेला, आई-वडील दोघंही गेलेले. त्याच्या आजीला मी विचारलं, गोळी किती वाजता देता? ती म्हणाली, ‘सावा ब्बिरी’. मला आकडे येत होते. ब्बिरी म्हणजे दोन. वहीत लिहिलं: दुपारी दोन. अकरा दिवस मी ती गोळी दुपारी दोनला दिली. नालोंगोला विचारलं असतं तर तिनं त्याच क्षणी सांगितलं असतं. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे दुसरा. आजी सकाळी आठला गोळी देत होती. आपल्याकडे प्रहर असेच मोजत. मला ते सुचायला हवं होतं.

मुलाला अपाय झाला नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं वेळ परत सकाळची लावून दिली. पण ही औषधं रोज ठरल्या वेळी पोटात गेली तरच विषाणू दबून राहतो. वेळ वारंवार हलली, डोस चुकले की औषध लागू पडेनासं होतं, आणि मुलांसाठी पर्याय मोजकेच असतात. म्हणून वही ठेवा. प्रत्येक मुलाचं एक पान, वेळ घड्याळात आणि लुगांडात, म्हणजे इथल्या भाषेत, दोन्हीकडून. देणाऱ्याची सही. आणि गोळी कशाची आहे ते घराबाहेर, शाळेतसुद्धा, गरज नसताना बोलू नका.

मसाका आणि जवळच्या राकाईला या आजाराचा जुना घाव आहे. 1982 मध्ये सरोवराकाठच्या कासेन्सेरो गावात माणसं वाळत जाऊन मरू लागली तेव्हा लोक त्याला ‘स्लिम’ म्हणत. गावागावांत मधली पिढी गेली आणि आज्ज्यांनी नातवंडं वाढवली. आता उपचार मिळतात, आई-बाप जगतात. तरीही ज्यांना आपण अनाथ म्हणतो त्यातल्या बऱ्याच मुलांचं कुणी ना कुणी हयात असतं: आजी, मावशी, कधी वडीलही.

मलेरियाबद्दल एवढंच: ताप आला की अंदाज बांधू नका, तासाभरात रक्ताची पट्टी-तपासणी करा. गोळ्या वजनावर असतात, तीन दिवसांत सहा डोस, आणि त्या स्निग्ध अन्नाबरोबर द्यायच्या. आम्ही शेंगदाण्याचा रस्सा किंवा दूध देतो. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि मूल खेळायला लागतं, तेव्हाच उरलेले डोस राहून जातात. झटके आले, पाणीही पोटात राहीना, मूल गुंगीत गेलं तर गोळीची वाट न पाहता मोठ्या केंद्रात न्या, रात्र असली तरी. बोडाबोडावाल्याचा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याचा, नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

पायाची तपासणी शनिवारी. एन्वुन्झा नावाची बारीक पिसू बोटांच्या कडेला, नखाखाली शिरते आणि अंडी धरून वाटाण्याएवढी फुगते. मध्ये काळा ठिपका, भोवती पांढरी गोल चकती. पाय साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, उजेडात बसा, प्रत्येक मुलाला वेगळी निर्जंतुक सुई. एकच सुई फिरवणं म्हणजे रक्तातला आजार फिरवणं. कडेची कातडी हळूच सोडवून पिशवी अख्खी बाहेर आली पाहिजे. फुटली तर जखम चिघळते. धनुर्वाताची लस झालेली हवी. आणि जमीन सारवा. भुसभुशीत धूळ हेच तिचं घर. इथेही शेणानं सारवतात, आणि ते काम मला कुणी शिकवावं लागलं नाही.

शाळा, पाहुणे, आमची मुलं

शाळेच्या तीन सत्रांचं वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं, प्राथमिक सातवीपर्यंत, आणि शेवटी देशभराची परीक्षा. फीबरोबर कागदाचं रीम, झाडू, टॉयलेट पेपरही मागतात; वर्षाच्या हिशेबात ते धरा.

पाहुण्यांबाबत मी कडक आहे. एकदा दोन आठवड्यांसाठी एक गट आला होता. चांगली, प्रेमळ माणसं. मुलांना कडेवर घेतलं, गाणी शिकवली आणि गेली. त्यानंतर चार वर्षांची एक मुलगी तीन दिवस फाटकाशी उभी होती. तेव्हापासून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना आम्ही बागेत, टाकीच्या कामाला, हिशेबाला लावतो. मुलांना जेवू घालणं, झोपवणं हे राहणाऱ्यांचं काम. फोटो नाहीत.

आमच्या दोन मुलांना रोज संध्याकाळी एक तास फक्त आमचा असतो. मराठीत बोलायचं, वाचायचं. तो तास आम्ही सुरुवातीला सेवेच्या नावाखाली खाल्ला, आणि मोठीनं एके दिवशी विचारलं की तिलाही आधी अनाथ व्हावं लागेल का. त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

कूळ लिहून ठेवा

नवं मूल आलं की गावच्या एलसी-वन, म्हणजे गावपातळीच्या स्थानिक परिषदेच्या, अध्यक्षाचं पत्र, मुलांची प्रकरणं बघणाऱ्या जिल्ह्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे नोंद, न्यायालयाचा आदेश, हे रीतसर झालंच पाहिजे. युगांडाच्या कायद्यात संस्था हा शेवटचा मार्ग आहे आणि ते योग्यच आहे. पण फाइलच्या पहिल्या पानावर मी दुसरंच लिहिते: कूळ आणि मुझिरो, म्हणजे कुळाचं चिन्ह.

बुगांडात प्रत्येक माणूस बापाकडून एका कुळाचा असतो आणि कुळाचं एक चिन्ह असतं: फुफ्फुसमासा, माकड, सिंह, हरीण. आपलं देवक आठवा. ते चिन्ह त्या कुळानं खायचं नाही, त्या कुळात लग्न करायचं नाही. मुलाचं नावही कुळाच्या नावांतूनच येतं, म्हणून नाव ऐकून जाणता माणूस कूळ सांगतो. जो आपलं कूळ विसरला त्याला पुढे जमीन मागता येत नाही, लग्नात त्याच्या बाजूनं उभं राहायला कुणी नसतं. म्हणून मुलाचं नाव बदलू नका. बाप्तिस्म्याचं नाव शेजारी लावा, कुळाचं तसंच राहू द्या. फुफ्फुसमाशाच्या कुळातल्या मुलाच्या ताटात तो मासा चुकूनही वाढू नका.

महिन्यातून एक रविवार, उपासनेनंतर, मुलाला घेऊन त्याच्या ‘ज्जाज्जा’कडे, आजीकडे जा. हातात साखर, मीठ, साबणाची वडी. रिकाम्या हातानं जाऊ नये. मी गोमेसी नेसून जाते; या खांदे उंच असलेल्या पोशाखाचं नाव कंपालातल्या गोम्स नावाच्या गोवेकर शिंप्यावरून पडलंय, हे सांगितलं की आज्ज्या मला दोन घटका जास्त बसवून घेतात. बसा. गप्पा मारा. छप्पर गळतंय का, शेळी आहे का, आजीला दिसतं का, हे बघा. कधीकधी घरावर एक पत्रा आणि शाळेची फी एवढंच मूल आणि त्याचं घर यांच्यामध्ये उभं असतं.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या त्या जानेवारी 2022 मध्ये पूर्ण उघडल्या. त्या काळात ज्यांच्या घरी आमचं येणं-जाणं होतं अशी पाच मुलं आज्ज्यांकडे राहू शकली. त्यातली तीन परत आलीच नाहीत, तिथेच शाळेत जातात. मूल असं परत जायचं ठरलं तर त्याच्याबरोबर मच्छरदाणी, घोंगडी, लसीचं कार्ड, एक कुदळ आणि दोन कोंबड्या द्या. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला जा, मग महिन्याला. पलंग लगेच दुसऱ्याला देऊ नका.

त्या तिघांमध्ये गोळीवाला मुलगाही होता. त्याला सोडायला गेलो तेव्हा मी वहीची नक्कल करून नेली होती, दोन्ही वेळा लिहून. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं मला अंगणात नेलं आणि केळीच्या बागेकडे हात केला: सूर्य त्या तिसऱ्या खुंटाच्या पानांवर आला की सावा ब्बिरी. मी घड्याळ बघितलं. आठला चार मिनिटं कमी होती, आणि ती पाणी आणायला आत गेली होती.