घरात यंदा दहावी आहे? इंग्रजीच्या तयारीची यादी, घड्याळापासून

पाठ्यपुस्तक, व्याकरणाचं एक पुस्तक, दोन जाड वह्या, पेनं. हे सगळ्यांच्या घरात असतं, पुढे चला. यादीतली खरी पहिली वस्तू घड्याळ. काट्यांचं, टेबलावर उभं राहील असं. मोबाइलमधलं नको, मोबाइल टेबलावर आला की उतारा संपलाच म्हणून समजा. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. व्याकरण पाठ, उतारे पुस्तकभर सोडवलेले, पण एकही घड्याळ लावून सोडवलेला नाही, आणि पेपरात शेवटचा उतारा अर्धा कोरा गेला. त्यामुळे या यादीत घड्याळ पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

दुसरी वस्तू यंदाची नमुना प्रश्नपत्रिका. पर्वरीच्या गोवा शालान्त मंडळाच्या संकेतस्थळावरून घ्या किंवा शाळेतून मागून घ्या, पण यंदाची. शेजारच्या थोरल्या मुलाचे जुने पेपर सरावाला चालतील, गुणांची वाटणी मात्र त्यांवरून ठरवू नका, ती बदलते. नमुना हातात आला की पहिलं काम भागाकाराचं. समजा पेपर 80 गुणांचा आणि वेळ 180 मिनिटं. त्यातली 15 मिनिटं तपासायला बाजूला काढा. उरली 165, म्हणजे गुणाला जेमतेम दोन मिनिटं. दहा गुणांच्या उताऱ्याला वीस मिनिटं, त्यात सहा वाचायला, बारा लिहायला, दोन नजर फिरवायला. तुमच्या नमुन्यावर आकडे वेगळे असतील तर तोच हिशेब त्या आकड्यांनी करा आणि वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

पाऊस आहे तोवर व्याकरण. चतुर्थीपर्यंत ते एकदा फिरून झालं पाहिजे, कारण चतुर्थीत माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधण्यापासून विसर्जनापर्यंत कोणी पुस्तक उघडत नाही, उघडेल असं धरूही नका. सुरुवात क्रियापदांच्या तीन रूपांपासून, कारण काळ, प्रयोग, अप्रत्यक्ष कथन सगळं त्यावर उभं आहे. रोज दहा क्रियापदं, बघून नव्हे, आठवून लिहायची. ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ ही न बदलणारी वेगळ्या पानावर. ‘लाय, ले, लेन’ म्हणजे पडून राहणं आणि ‘ले, लेड, लेड’ म्हणजे ठेवणं, ही जोडी समोरासमोर लिहा. एकाचं दुसरं रूप तेच दुसऱ्याचं पहिलं, तिथे सगळे घसरतात.

व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाऊ नका, वेळ पुरत नाही. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीत बहुधा एकदम इंग्रजी माध्यमात पडतं. ते इंग्रजी लिहितं, पण आतलं वाक्य मराठी नाहीतर कोकणी असतं. चुका तिथूनच येतात आणि त्या ठरलेल्या असतात. त्याच आधी पकडा.

सगळ्यात मोठी चूक अप्रत्यक्ष कथनाची. मराठीत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे अगदी बरोबर वाक्य आहे. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात, मध्ये फक्त ‘की’ येतो. मूल तेच इंग्रजीत उतरवतं: ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो.’ हवं असतं ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ तीन गोष्टी बदलल्या: माणूस, काळ, वेळेचा शब्द. प्रत्येक वाक्यानंतर या तिन्हींवर बोट ठेवून तपासायला लावा. तिसरी हमखास राहते, ‘टुडे’चं ‘दॅट डे’ आणि ‘हिअर’चं ‘देअर’ करायला विसरतात. प्रश्न असेल तर आणखी घोळ. आपण ‘तिनं विचारलं की’ म्हणतो, म्हणून मूल ‘शी आस्क्ड दॅट’ लिहितं. तिथे ‘दॅट’ येतच नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’, आणि ‘व्हेअर’, ‘व्हाय’ असेल तर तोच शब्द जोडणारा. पुढचा क्रम साध्या विधानाचा: ‘शी आस्क्ड व्हेअर आय वॉज गोइंग’, ‘व्हेअर वॉज आय गोइंग’ नव्हे. शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह नाही. सूर्य पूर्वेला उगवतो यासारखं त्रिकालाबाधित विधान असेल तर वर्तमानकाळ तसाच ठेवायचा.

दुसरी ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची. ‘पाच वर्षांपासून म्हापशात राहतो’ या वाक्यात ‘पासून’ही आहे आणि वर्तमानकाळही, म्हणून मूल लिहितं ‘आय ॲम लिव्हिंग इन मापुसा सिन्स फाइव्ह इयर्स.’ एका वाक्यात दोन चुका. क्रिया मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे, तर ‘हॅव बीन लिव्हिंग’. पाच वर्षं ही लांबी, तिला ‘फॉर’. 2019, सोमवार, चतुर्थी हे खुंटे, त्यांना ‘सिन्स’. लांबी की खुंटा, एवढं विचारलं तरी काम होतं.

‘इफ’चं कारणही मराठीच. ‘पाऊस पडेल तर सामना रद्द होईल’, दोन्हीकडे भविष्यकाळ. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ येत नाही: ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड.’ तसंच आपलं ‘ना?’ सगळीकडे चालतं, म्हणून मुलं सगळीकडे ‘इझन्ट इट’ लावतात. या शेपटीतलं (‘क्वेश्चन टॅग’मधलं) सहायक क्रियापद वाक्यातूनच उचलायचं आणि होकाराला नकार, नकाराला होकार. तीन अपवाद पाठच करा: ‘लेट्स’ला ‘शॅल वी’, ‘आय ॲम’ला ‘आरन्ट आय’, आणि ‘हार्डली’, ‘नोबडी’, ‘नेव्हर’ असलेलं वाक्य नकारी धरून त्याला होकारी शेपूट.

‘ए’, ‘ॲन’, ‘द’ मराठीत नाहीतच, त्यामुळे ती चुकत नाहीत, गायब होतात. लिहून झाल्यावर प्रत्येक एकवचनी मोजता येण्याजोग्या नामाखाली पेन्सिलीने टिंब द्यायला सांगा आणि त्याच्या आधी काही आहे का ते बघा. ‘ॲन’ अक्षरावर नव्हे, कानाला ऐकू येणाऱ्या आवाजावर ठरतं: ‘ॲन अवर’, ‘ए युनिव्हर्सिटी’, ‘ॲन एम.एल.ए.’. बाकीच्यांना एकेक ओळ पुरे. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’, मधलं अनेकवचन आणि शेवटचं एकवचन दोन्ही हवं. ‘डिड नॉट’नंतर ‘गो’, ‘वेन्ट’ नव्हे. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. कर्मच नसलेल्या क्रियापदाचं पॅसिव्ह होत नाही, ‘ही वॉज अराइव्ह्ड’ लिहिलेलं दिसलं की वही परत द्या.

चुकांची वही वेगळी करा. डावीकडे चुकलेलं वाक्य, उजवीकडे बरोबर, खाली ते चुकायला लावणारं मराठी वाक्य. तिसरी ओळ टाळू नका, नुसती दुरुस्ती आठवड्यात विसरली जाते.

चतुर्थी झाली की वाचन. आणि आता घड्याळ टेबलावर ठेवा. पेपरात न वाचलेला उतारा येतो, तरी मुलं पाठ्यपुस्तकातले धडेच पुन्हा पुन्हा वाचतात. ते वाचन नव्हे, आठवण आहे. रोज एक नवा तुकडा हवा, तीनशे ते चारशे शब्दांचा. सकाळी येणाऱ्या ‘नवहिंद टाइम्स’ किंवा ‘हेराल्ड’ या इंग्रजी वर्तमानपत्रांतली निसर्गावरची, प्रवासावरची, आरोग्यावरची सदरं चालतात. अग्रलेख आणि राजकारण नको, त्यातला अर्धा भाग मागचे संदर्भ माहीत असल्याशिवाय कळत नाही आणि मूल समजतं की आपलं इंग्रजी कच्चं. सूचनांची पत्रकं, वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातला कागदही चालतो. आठवड्यातून एक तुकडा आकड्यांचा किंवा तक्त्याचा असू दे.

कृती अशी. आधी फक्त प्रश्न वाचायचे, एक मिनिट. मग उतारा सलग, न थांबता, अडलेल्या शब्दाला गोल करून पुढे. शब्दकोश आत्ता नाही. मग दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ज्या ओळीत आहे तिच्या कडेला प्रश्नाचा क्रमांक. ‘नॉट’ किंवा ‘एक्सेप्ट’ असलेल्या प्रश्नात त्या शब्दाभोवती चौकट, नाहीतर उलटं उत्तर येतं. मग लिहायचं, हाताने, पूर्ण वाक्यात, घड्याळ चालू ठेवून. तोंडी उत्तर दिलं की झालं असं सगळ्यांना वाटतं. तोंडी उत्तराला दहा सेकंद लागतात, लिहायला दोन मिनिटं, आणि पेपर लिहायचा असतो.

एक तुकडा जवळून बघा. उताऱ्यात अशी दोन वाक्यं आहेत: ‘द फेरी, व्हिच हॅड बीन आउट ऑफ सर्व्हिस फॉर ए वीक, रिझ्यूम्ड इट्स ट्रिप्स ऑन मंडे. इट वॉज ए रिलीफ टु द स्टुडंट्स ऑफ दिवाडी.’ प्रश्न पहिला, ‘स्टार्टेड अगेन’ या अर्थाचा शब्द शोधा. उत्तर ‘रिझ्यूम्ड’. ‘रिझ्यूम’ लिहिलं की चूक, कारण विचारलेल्या अर्थाचं रूप भूतकाळी आहे. पूर्ण ओळ उतरवली तरी चूक, शब्द मागितला होता. प्रश्न दुसरा, विद्यार्थ्यांना हायसं का वाटलं? मूल दुसरं वाक्यच उतरवून देतं. ते कारण नव्हे, तो परिणाम. कारण मागच्या वाक्यात आहे: आठवडाभर बंद असलेली फेरी सोमवारी पुन्हा सुरू झाली. प्रश्न तिसरा, ‘इट’ म्हणजे काय? मुलं ‘फेरी’ लिहितात, खरं म्हणजे फेरी पुन्हा सुरू होणं. अशा शब्दाच्या जागी उत्तर ठेवून वाक्य वाचून बघायचं, बसलं तर बरोबर. आणि प्रश्न ‘व्हाय डिड’ असा असेल तर उत्तरही भूतकाळात. हे तिन्ही प्रश्न सहा मिनिटांत लिहून झाले का? घड्याळ बघा.

इथे आईवडील म्हणतात, आमचंच शिक्षण मराठीत झालं, आम्ही इंग्रजी काय तपासणार? तपासू नका, ते शाळेत बाई तपासतील. तुम्ही शेजारी बसा, सुरू केल्याची वेळ कोपऱ्यात लिहा, वीस मिनिटांनी ‘थांब’ म्हणा, आणि ओळ जिथे तुटली तिथे लाल रेघ मारा. ‘दोन मिनिटं दे गो आई’ म्हटलं तरी द्यायची नाहीत. रेघेखालचं नंतर दुसऱ्या रंगाच्या पेनाने पूर्ण करू दे. महिनाभरात रेघ खाली सरकत जाते. सरकली नाही तर वेळ कुठे जातो ते बघा: पहिलं वाचन संथ आहे, की पहिल्याच प्रश्नाला आठ ओळी लिहिल्या जातात? बहुतेक वेळा दुसरंच. दोन गुणांना दोन-तीन ओळी, बस.

गोल केलेले शब्द संध्याकाळी. सगळे नाही, पाच. आधी उपसर्ग-प्रत्यय सोडवून अंदाज, मग कोश.

दिवाळीच्या सुटीत पत्र, नोटीस, गोषवारा यांचे साचे एकदा करून टाका. गोषवाऱ्यात शब्द मोजायचे, मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, उदाहरणं गाळून. पत्रात तारीख आणि विषय राहतो. झालं.

नाताळच्या सुटीपासून पूर्ण पेपर, आठवड्याला एक. सकाळी, जेवणाआधी, परीक्षेच्याच वेळेला, मध्ये पाणी प्यायलाही न उठता. घड्याळ लावून, हे आता सांगायला नको, तरी सांगतो. उतारा आधी की व्याकरण आधी, हे दोन पेपर दोन क्रमांनी सोडवून ठरवा आणि मग बदलू नका. जानेवारीत जत्रा, फेब्रुवारीत कार्निव्हल, मग शिगमो. ढोल वाजतच राहणार, खिडकी लावा आणि पेपर चालू ठेवा.

शेवटचा आठवडा: चुकांची वही, क्रियापदं, रोज एक उतारा वीस मिनिटांत. नवीन पुस्तक आणायचं नाही.

आदली रात्र: हॉल तिकीट, पेनं, पॅड, पाणी, झोप. केंद्र दूर असेल तर एक बस आधीची.

आणि मनगटी घड्याळ. साधं, काट्यांचं, स्मार्ट वॉच आत नेऊ देत नाहीत. वर्गातलं घड्याळ बंद असू शकतं, पाठीमागच्या भिंतीवर असू शकतं. सेल आत्ताच बदलून आणा, आदल्या दिवशी रविवार निघाला तर दुकान उघडं नसेल.