बल्क मेल दुसऱ्या सर्व्हरवरून पाठवताय? डोमेनच्या रेकॉर्डमध्ये या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांकडून हल्ली एकच तक्रार ऐकू येते: नवीन रेटलिस्ट शेकडो खरेदीदारांना मेल केली, पण बहुतेकांच्या स्पॅममध्ये गेली. मग मेल पाठवणारी सेवा बदलली जाते, पैसे पुन्हा भरले जातात आणि तक्रार तशीच राहते. अनेकदा दोष सेवेचा नसतो, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरच्या नोंदींमध्ये असतो.

सगळ्यात महागात पडते ती एमएक्स रेकॉर्डची चूक. एमएक्स म्हणजे तुमचे मेल कोणत्या सर्व्हरवर यायचे ते सांगणारी नोंद. ते येणाऱ्या मेलसाठी असतं, जाणाऱ्या मेलशी त्याचा संबंध नाही. मुख्य डोमेनचं एमएक्स बल्क सेवेकडे वळवलं, की ग्राहकाची ऑर्डर आणि सीएचा मेल तुमच्याकडे यायचा थांबतो. मेल जात असतात, त्यामुळे ते लवकर लक्षातही येत नाही. सेवेने एमएक्स मागितलंच, तर ते सहसा बाउन्ससाठी (न पोहोचता परत आलेल्या मेलसाठी) आणि सबडोमेनवर (मुख्य डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेल्या नावावर) असतं. नाव नीट वाचूनच भरा.

दुसरी चूक एसपीएफची, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या ओळीची. गुगलवर ऑफिसचे मेल आहेत, म्हणून गुगलच्या इन्क्लूडची (गुगलच्या सर्व्हरना परवानगी देणाऱ्या भागाची) एक ओळ आधीच असते. नवीन सेवा तिची ओळ देते आणि आपण ती खाली वेगळं टीएक्सटी (मजकुराचं) रेकॉर्ड म्हणून टाकतो. इथेच घोळ होतो. एका नावाला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन सापडल्या तर समोरचा सर्व्हर दोन्ही अमान्य करतो, म्हणजे आधी चालणारे ऑफिसचे मेलही अडचणीत येतात. नवीन इन्क्लूड जुन्याच ओळीत, शेवटच्या ‘ऑल’ या शब्दाच्या आधी घाला. या ओळीसाठी जास्तीत जास्त १० डीएनएस लुकअप (डीएनएसमधले शोध) चालतात आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही त्यात मोजले जातात. म्हणून बंद केलेल्या होस्टिंगचे आणि जुन्या सॉफ्टवेअरचे इन्क्लूड काढून टाका.

रेकॉर्ड बरोबर भरूनही बाहेर दिसत नसेल, तर आधी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनची रेकॉर्ड जिथून वाचली जातात ते सर्व्हर तपासा. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन एकीकडे घेतलेलं असतं आणि नेमसर्व्हर दुसरीकडे वळवलेले असतात. अशा वेळी डोमेन विकत घेतलेल्या पॅनलमध्ये कितीही रेकॉर्ड भरा, ती कोणी वाचत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप या कमांडने एनएस (नेमसर्व्हरचं) रेकॉर्ड पाहिलं, की खरं पॅनल कोणतं ते कळतं.

डीकिममध्ये, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीच्या रेकॉर्डमध्ये दोन गोष्टी वारंवार चुकतात. काही पॅनल नावापुढे डोमेन आपोआप जोडतात. आपणही पूर्ण नाव लिहिलं तर डोमेन दोनदा लागतं. होस्टच्या रकान्यात डोमेनच्या आधीचा भागच टाका. क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेवर डीकिमचं सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारं रेकॉर्ड) प्रॉक्सीवर ठेवू नका, ‘डीएनएस ओन्ली’ करा.

आता डीमार्क, म्हणजे एसपीएफ आणि डीकिमची तपासणी फेल झाली तर मेलचं काय करायचं ते सांगणारं रेकॉर्ड. एसपीएफ पास असूनही डीमार्क फेल का होतं, हा प्रश्न खूप जणांना पडतो. बल्क सेवा बऱ्याचदा रिटर्न-पाथमध्ये (बाउन्स परत जाण्याच्या पत्त्यात) स्वतःचं डोमेन वापरते. एसपीएफ पास होतं ते तिच्या नावाने, तुमच्या फ्रॉम पत्त्याच्या नावाने नाही. डीमार्कला एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक तरी तुमच्याच डोमेनच्या नावाने पास झालेलं हवं. स्वतःच्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवून ‘शो ओरिजिनल’ उघडा. फक्त ‘पास’ पाहून थांबू नका, डीकिमच्या शेजारी कोणाचं डोमेन लिहिलंय ते पाहा. सुरुवातीला डीमार्कची पॉलिसी ‘नन’ (काही कारवाई नको) ठेवा, रिपोर्ट स्वच्छ आले की ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) करा.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइबही लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत.

रेटलिस्टसाठी वेगळं सबडोमेन घेतलंत तर फारच चांगलं. तक्रारींचा फटका ऑफिसच्या मेलला कमी बसतो. मात्र मुख्य डोमेनचं एसपीएफ सबडोमेनला आपोआप लागू होत नाही. त्याची ओळ वेगळी लिहावी लागते.