तिवोलीला निघालात? या चुका टाळा

रोमच्या पूर्वेला जेमतेम तीस किलोमीटरवर, डोंगराच्या कडेला तिवोली हे छोटं शहर वसलं आहे. आपल्याकडची बहुतेक मंडळी तिथे अर्ध्या दिवसाचा बेत आखून जातात. एक बाग बघायची, कारंज्यांसमोर फोटो काढायचे आणि दुपारी रोमला परत. सगळ्यात मोठी चूक हीच. तिवोलीत बघण्यासारख्या मुख्य जागा तीन आहेत आणि एकीसारखी दुसरी नाही. रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादाचे अवशेष (व्हिला आद्रियाना), एका कार्डिनलची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूची, कारंज्यांची बाग (व्हिला देस्ते), आणि धबधब्याची खोल दरी (व्हिला ग्रेगोरियाना). तिन्हींना जोडणारी गोष्ट म्हणजे आनिएने नदीचं खोरं. डोंगरातून येणारी ही नदी तिवोलीतच खाली मैदानात उडी घेते. या पाण्याची वाट एकदा समजून घेतली की कुठे आधी जायचं आणि कुठे जास्त वेळ ठेवायचा, हे फारसं कुणाला विचारावं लागत नाही.

नावांची गल्लत

इंटरनेटवर नुसतं ‘तिवोली’ शोधलं तर कोपनहेगनचं तिवोली समोर येतं. ते 1843 मध्ये सुरू झालेलं मनोरंजन उद्यान आहे, डेन्मार्कमध्ये. तिकीट काढताना शहर आणि देश नीट वाचून घ्या.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. व्हिला आद्रियाना, व्हिला देस्ते आणि व्हिला ग्रेगोरियाना ही तिन्ही नावं सारखी दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की तिन्ही एकाच आवारात असतील. तसं नाही. देस्ते आणि ग्रेगोरियाना गावात आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. आद्रियाना मात्र डोंगराखाली मैदानात आहे, गावापासून पाच-सहा किलोमीटर दूर. आणि ग्रेगोरियाना नावापुरतीच व्हिला आहे. तिथे वाडा नाही, महाल नाही, आहे ती दरी. तिकिटांचंही तेच. आद्रियाना आणि देस्ते सरकारी आहेत, त्यांचं एकत्रित तिकीट मिळतं. ग्रेगोरियाना ‘फाई’ ही वारसा जपणारी संस्था चालवते, तिथलं तिकीट वेगळं.

सोमवारी जाणं

ग्रेगोरियाना सोमवारी बंद असते आणि देस्ते सोमवारी दुपारनंतर उघडते. म्हणजे सकाळी पोहोचलात तर गावात फिरण्यापलीकडे फार काही हाती लागत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी जागांना प्रवेश फुकट असतो, त्यामुळे देस्तेमध्ये गर्दी उसळते. पैसे वाचतात, पण कारंज्याजवळ निवांत उभं राहता येत नाही. मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस धरा. ग्रेगोरियाना कडक हिवाळ्यात काही आठवडे बंदच असते, आणि हवामान फार बिघडलं तरीही बंद ठेवतात. निघण्याआधी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर नजर टाका.

एका दिवसात तिन्ही उरकणं

माझं स्पष्ट मत सांगतो. एकच दिवस हातात असेल तर आद्रियाना सोडा आणि गावातल्या दोन्ही जागा मन लावून बघा. दोन दिवस असतील तर पहिला दिवस आद्रियानाला द्या. हा क्रम उगाच सांगत नाही. हेड्रियनने इसवी सन 118 च्या सुमारास इथे बांधकाम काढलं आणि ते 138 पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, चालू होतं. पसारा सुमारे 120 हेक्टरांचा. आनिएनेच्या खोऱ्यातून रोमला पाणी नेणाऱ्या चार मोठ्या जलवाहिन्या या भागातून जात, म्हणून तर स्नानगृहं, तलाव आणि कारंजी एवढ्या हौसेने बांधता आली. पुढे चौदाशे वर्षांनी कार्डिनल इप्पोलितो देस्तेचा वास्तुकार पिर्रो लिगोरिओ याने याच अवशेषांत खोदकाम केलं, मोजमापं घेतली आणि इथले संगमरवर, पुतळे वर देस्तेकडे नेले. आधी खालचं ओसाड वैभव पाहून वर गेलात की देस्तेची बाग वेगळ्याच नजरेने दिसते.

आद्रियानात भर उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. मोठ्या भागात सावली नाही. सकाळी उघडताच आत शिरा. आधी तेआत्रो मारित्तिमो बघा. गोल खंदक आणि मधल्या बेटावर छोटं घर, खास सम्राटाच्या एकांतासाठी. मग कानोपोचा लांबलचक तलाव. एवढं नीट पाहिलं आणि बाकी राहिलं, तरी हळहळ नको.

ग्रेगोरियाना शेवटी ठेवणं

गड चढताना आधी चढ आणि मग उतार असतो. इथे उलटं आहे. ताजेतवाने असताना तुम्ही मजेत खाली उतरता, आणि दम खरा लागतो तो परतताना. देस्तेमध्ये दोन-तीन तास फिरून, थकल्या पायांनी या दरीत उतरणारे अर्ध्या वाटेवरून मागे वळताना दिसतात. त्यामुळे गावातल्या दिवसाची सुरुवात इथूनच करा. तळव्याची पकड चांगली असलेले बूट घाला. धबधब्याच्या तुषारांनी पायऱ्या ओल्या असतात, चपला-सँडल घसरतात.

ही दरी आज अशी का दिसते, ते माहीत असू द्या. 1826 च्या पुरात आनिएनेने गावाचा एक भाग वाहून नेला. त्यानंतर पोप सोळावे ग्रेगरी यांच्या काळात कातिल्लो डोंगरातून दोन समांतर बोगदे खोदले गेले आणि 1835 मध्ये नदी त्यांतून वळवली. आज तुम्ही जो मोठा धबधबा बघता, शंभर मीटरहून उंच, तो माणसांनी केलेल्या या वळणाचा आहे. नदीचा जुना मार्ग म्हणजे नेपच्यूनची गुहा. तिच्याकडे जाताना खडकात कोरलेल्या बोगद्यातून वाट जाते. या बोगद्याला फ्रेंच सेनापती मिओलिस याचं नाव आहे. आत कडेला कोरलेल्या झरोक्यांतून एकीकडे दरी दिसत राहते आणि समोरून पाण्याचा आवाज वाढत जातो. इथे फोन खिशात ठेवा, कठडा धरा आणि सावकाश चाला. बरेच जण मोठा धबधबा बघून समाधान मानतात आणि या गुहेकडे फिरकतच नाहीत. माझ्या मते सगळ्या तिवोलीतली सर्वात सुंदर जागा हीच आहे.

धबधबा बारीक दिसला म्हणून हिरमुसून जाऊ नका. या पाण्यावर फार पूर्वीपासून वीज तयार होते. 1892 मध्ये तिवोलीहून थेट रोमपर्यंत वीज गेली होती. पाणी वळवलं जातं, त्यामुळे धार रोज सारखी नसते.

गुडघे दुखणारी मंडळी सोबत असतील तर त्यांना खाली नेण्याचा हट्ट करू नका. दरीच्या पलीकडच्या क्विंतिलिओ वारो रस्त्यावरून धबधबा आणि कड्यावरचं गोल वेस्ता मंदिर दोन्ही दिसतात, तेही तिकिटाशिवाय.

देस्तेमध्ये ऑर्गनची वेळ चुकवणं

व्हिला देस्तेच्या बागेत एकही कारंजं मुळात पंपावर चालण्यासाठी बांधलेलं नाही. गावाखालून खोदलेल्या बोगद्याने नदीचं पाणी आणलं आणि पुढचं सगळं उतारावर सोपवलं. ऑर्गनचं कारंजं, म्हणजे पाण्यावर आपोआप वाजणारं नळ्यांचं वाद्य, हा त्याचा कळस. बंद कोठीत पाणी वरून कोसळतं आणि सोबत हवा ओढून नेतं. दाबली गेलेली ती हवा नळ्यांत शिरते आणि सूर निघतात. पाण्यानेच फिरणाऱ्या रुळावर खुंट्या बसवल्या आहेत, त्या पट्ट्या दाबत जातात. वाजवायला माणूस नाही. वाद्य अनेक वर्षं मुकं होतं, 2003 च्या सुमारास ते पुन्हा वाजू लागलं. साधारण सकाळी साडेदहापासून दर दोन तासांनी काही मिनिटं वाजतं. आत शिरतानाच त्या दिवसाची वेळ विचारा आणि दहा मिनिटं आधी समोर जाऊन उभे राहा.

उरलेल्या वेळात शंभर कारंज्यांच्या वाटेवरून एकदा सरळ आणि एकदा उलटं चाला. गरुड, होड्या, कमळासारखी फुलं आणि खाली पाणी ओकणारे चेहरे, सगळ्यांवर शेवाळ आणि नेचे इतके दाट चढलेत की दगड कुठे संपतो ते कळत नाही. चेहरे जवळून बघा, एक दुसऱ्यासारखा नाही. हात लावू नका, आणि कारंज्याचं पाणी पिऊ नका. पिण्याचं पाणी गावातल्या नळावर भरा. ‘नॉन पोताबिले’ (पिण्याजोगं नाही) अशी पाटी असेल तर तो नळ सोडा.

जाण्यायेण्यातल्या चुका

रोमच्या तिबुर्तिना स्थानकावरून रेल्वे आहे. ‘बान्यी दि तिवोली’ आलं की बरेच जण बॅगा उचलतात. ते गंधकाच्या झऱ्यांचं वेगळं गाव आहे, उतरू नका. मेट्रो ‘बी’ मार्गावरच्या पोन्ते माम्मोलोहून कोत्राल कंपनीच्या बसही सुटतात. आद्रियानाला जायचं असेल तर तिबुर्तिना रस्त्याने जाणारीच बस घ्या, द्रुतगती महामार्गावरून जाणारी जलद बस तिथे थांबत नाही. थांब्यापासून फाटकापर्यंत सुमारे एक किलोमीटर चालावं लागतं. गावातून खाली जायला स्थानिक बस आहे.

बसचं तिकीट मोठ्या ‘टी’च्या पाटीच्या तबाकी दुकानात, म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात, आधीच घ्या आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात छापून घ्या. रेल्वेचं कागदी तिकीट असेल तर फलाटावरच. न छापलेल्या तिकिटाला दंड होतो आणि परदेशी आहोत ही सबब चालत नाही. परतीचं तिकीटही सकाळीच घेऊन ठेवा, कारण संध्याकाळी बस समोर उभी असते आणि दुकानाचं शटर खाली आलेलं असतं.