पेशीच्या ऊर्जेविषयीचे परस्परविरोधी सिद्धांत कसे तपासावेत

पेशी ऊर्जा कशी मिळवते याविषयी दोन-तीन सिद्धांत समोर आले, की विद्यार्थी नोबेल कोणाला मिळाले ते पाहून निकाल लावतात. दादरला शनिवारी भरणाऱ्या आमच्या अभ्यासवर्गात मी तसे करू देत नाही. प्रयोगाचा निष्कर्ष वाचण्याआधी प्रत्येक सिद्धांताचे भाकीत वहीत लिहायचे, हा आमचा शिरस्ता आहे.

सुरुवात एटीपीपासून, म्हणजे पेशी ज्या रेणूच्या रूपात ऊर्जा वापरते त्यापासून करावी. स्लेटर यांनी १९५३ मध्ये मांडले, की ऑक्सिडीकरणातून आधी एक ऊर्जासमृद्ध मध्यस्थ संयुग तयार होते आणि त्याच्या ऊर्जेवर एटीपी घडते. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये या मध्यस्थाची गरजच नाकारली: तंतुकणिकेचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराचे, आतले पटल प्रोटॉन एका बाजूला ढकलते आणि ते परतताना एटीपी घडते. मुंबईकराला हे गच्चीवरच्या टाकीवरून चटकन उमजते. टाकीला भोक पडले, तर पंप चालूच राहतो, नळ मात्र कोरडा पडतो. पटलातून प्रोटॉन गळू देणाऱ्या डायनायट्रोफिनॉल या रसायनामुळे पेशीत हेच घडते, ऑक्सिजन खर्च होत राहतो आणि एटीपी बनणे थांबते.

पालकाच्या प्रयोगाला मात्र भरपूर वेळ द्यावा. जॅगेनडॉर्फ आणि उरीबे यांनी १९६६ मध्ये पालकाच्या हरितलवकांतील पटले ४ सामूच्या आम्लात मुरवली आणि मग अंधारातच ८ सामूच्या, एडीपी व फॉस्फेट (एटीपीचा कच्चा माल) असलेल्या द्रावणात घातली. येथे थांबून वही उघडावी. मध्यस्थ संयुग लागत असेल, तर उजेड नाही, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नाही, म्हणजे एटीपीही नाही. पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनांचा फरक पुरत असेल, तर एटीपी मिळायलाच हवे. ते मिळाले. मंडईतून आणलेली पालकाची जुडी टेबलावर ठेवून हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे उजेडाचं काम आम्लानंच केलं!”

मागे पडलेला विचार मोडीत काढण्याची घाई मात्र करू नये. पटलातल्या एका प्रथिनाचा आकार बदलून एटीपी घडते, हे बॉयर यांचे म्हणणे मिचेल यांच्या १९७८ च्या नोबेलनंतरही टिकले, कारण प्रोटॉनांच्या ओघाने प्रथिनाचा मधला दांडा फिरतो आणि त्यामुळे तीन जागांचे आकार आळीपाळीने बदलतात. दांड्याला ॲक्टिनचा चमकणारा धागा जोडून जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये ते फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

पेशीतील सोडियम-पोटॅशियमच्या नियमनाच्या वादालाही हीच रीत लावावी. गिल्बर्ट लिंग यांच्या मते पोटॅशियम पेशीतील प्रथिनांना धरून राहते आणि सोडियम बाहेर टाकणारा पटलातला पंप चालवण्याइतकी ऊर्जा पेशीकडे नसतेच. मग आतली प्रथिने काढून घेतली तर काय व्हावे? लाल रक्तपेशीतील जवळजवळ सर्व हिमोग्लोबिन काढून उरलेल्या पिशवीत एटीपी भरले, तरी ती सोडियम बाहेर टाकते आणि पोटॅशियम आत घेते. स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत दाखवलेले विकर ते काम करते: एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. कोणत्याही सिद्धांताच्या नावापुढे भाकिताचा रकाना कोरा राहिला, तर तो आपण भरून देऊ नये. तो कोराच ठेवून पुढच्या प्रयोगाकडे वळावे.